गाय लठ्ठ झाली की आम्ही गव्हाण बघतो

प्रश्न असा आहे: जनावरांचा आहार ग्रॅममध्ये मोजून ठरवतात, त्यावर इतकी वर्षं संशोधन चाललंय, मग त्यातून माणसाचा लठ्ठपणा टाळायला काही शिकता येईल का? की माणसाचं सगळं वेगळंच? विचारणाऱ्यांनी पुढे लिहिलंय की त्यांच्या घरात तिघांचं वजन वाढलंय आणि जाईल तिथे 'कमी खा, जास्त चाला' एवढंच ऐकायला मिळतं.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीची पहिली पंधरा वर्षं सातारा-सांगलीकडच्या गोठ्यांवर आणि कुक्कुटपालकांच्या शेडवर गेली. त्यानंतर पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना सुरू केला. दोन्हीकडे माझा मुख्य विषय आहारच राहिला. त्या अनुभवावरून सांगतो की शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो.

एखाद्या गोठ्यातल्या गाई अंगावर चरबी धरायला लागल्या, तर 'या गाईंचा जिभेवर ताबा नाही' असं कुठलाही पशुवैद्यक म्हणत नाही. ते मनातही येत नाही. आम्ही गव्हाण बघतो. आंबोण, म्हणजे भरडा-पेंडेचा खुराक किती, त्यात मका किती आणि सरकी पेंड किती, कडबा उरतोय की आंबोणच आधी संपतंय, दिवसातून किती वेळा टाकतात, कोण टाकतं, दूध कमी झाल्यावर खुराक कमी केला की तोच चालू ठेवला, हे विचारतो. दोष तिथेच सापडतो, आणि तो दुरुस्त केला की पुढच्या वेतापर्यंत गाई ताळ्यावर येतात. माणसाच्या बाबतीत मात्र आपण गव्हाण जशीच्या तशी ठेवतो आणि खाणाऱ्याला रागावतो. प्रश्नकर्त्यांच्या घरात तिघांची वजनं एकदम वाढली आहेत. एका गोठ्यात तीन गाई एकदम लठ्ठ झाल्या, तर मी त्यांच्या स्वभावात कारण शोधणार नाही.

आता उलट्या बाजूने बघू. जनावर चरबीवर कसं आणायचं याची कृती आमच्या शास्त्राकडे तयार आहे, कारण जगभर तो धंदा आहे. अमेरिकेतल्या फीडलॉटमध्ये, म्हणजे मांसासाठी जनावरं पोसायच्या आवारांत, बैलांना शेवटचे काही महिने धान्यप्रधान खाद्य देतात, तंतुमय चारा अगदी नावापुरता असतो, आणि फिरायला जागा थोडीच. त्यातून मांसात चरबीच्या रेषा उतरतात आणि त्यालाच भाव मिळतो. मांसासाठीच्या कोंबडीला खाद्य दिवसभर समोर असतं, ते बारीक दळून, वाफ देऊन, दाबून गोळी केलेलं असतं, आणि पूर्वी शेडमध्ये 23-23 तास दिवे चालू ठेवत, म्हणजे पक्षी रात्रीही खात राहील. आपल्याकडच्या गोळी पेंडेत उसाची मळी घालतात, त्याने पेंडेची धूळ बसते आणि गाय आवडीने खाते. कुत्र्याच्या कोरड्या खाद्यावर शेवटी जो थर फवारतात त्याला धंद्यात 'डायजेस्ट' म्हणतात. तो बहुधा विकरांनी पातळ केलेलं काळीज आणि तत्सम भाग यांचा असतो. दोन भांडी शेजारी ठेवून कुत्रा कशाकडे आधी वळतो आणि कुठलं जास्त संपवतो हे मोजतात, आणि जे जिंकतं ते बाजारात येतं.

ही यादी हातात घेऊन शहरातल्या एखाद्या घराकडे बघा. दळून, तळून, दाबून बनवलेलं, तंतू काढून टाकलेलं, वर मसाल्याचा थर दिलेलं खाणं डब्यांत भरलेलं आहे. ते दिवसभर हाताशी आहे. रात्री बारापर्यंत दिवे आणि पडदे चालू आहेत. चालायला जागा नाही, निमित्तही नाही. लठ्ठ करायचं असं कोणी ठरवलेलं नाही, पण फीडलॉटची कृती घरात जशीच्या तशी अवतरली आहे. 1976 साली स्क्लाफानी आणि स्प्रिंगर या दोन संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्यांच्या नेहमीच्या खाद्यासोबत सुपरमार्केटमधले गोड आणि चरबीयुक्त पदार्थ समोर ठेवून बघितले. नेहमीच्या खाद्यावर वजन राखणारे उंदीर लठ्ठ झाले. त्यांच्या शरीरात काही बिघडलं नव्हतं, समोरचं खाणं बदललं होतं.

एक उदाहरण मी गोठ्यावर नेहमी देत असे. फ्वा ग्रा नावाच्या पदार्थासाठी बदकांना आणि हंसांना नळीने खाऊ घालून त्यांचं यकृत चरबीने भरवतात. हे क्रूर आहे, आणि भारताने 2014 साली त्याच्या आयातीवर बंदी घातली ते योग्यच झालं. पण त्या पक्ष्यांना लोणी किंवा तेल भरवत नाहीत. भरवतात तो मका. मक्यात स्निग्धांश जेमतेम चार टक्के, बाकी मुख्यतः स्टार्च. गरजेपेक्षा जास्त स्टार्च आला की यकृत त्याची चरबी करतं आणि दोनेक आठवड्यांत स्वतःच तिने भरून जातं. 'आम्ही तेल-तूप बंद केलंय, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर कसं आलं?' असं लोक विचारतात तेव्हा मला हा मका आठवतो. तेल बंद झालं, पण भाताचा डोंगर, चहातली साखर आणि संध्याकाळची खारी-टोस्ट तशीच राहिली.

गोळी आणि भरडा यांतल्या फरकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माणसांच्या आहाराच्या चर्चेत त्याकडे फार कमी लक्ष जातं. 1962 साली जेन्सन आणि सहकाऱ्यांनी टर्की पक्ष्यांना एकच खाद्य दोन रूपांत दिलं. भरड दिलेल्या पक्ष्यांचा 12 तासांच्या दिवसातला 136 मिनिटं इतका वेळ खाण्यात गेला. तेच खाद्य दाबून गोळी केल्यावर 16 मिनिटं. कोंबड्यांमध्ये हा फरक 103 मिनिटं आणि 34 मिनिटं असा होता. धान्य तेच, पेंड तीच, फक्त रूप बदललं. वाचलेला वेळ आणि वाचलेली ऊर्जा वाढीकडे गेली, म्हणून तर कुक्कुटपालक गोळीसाठी जादा पैसे मोजतो. माणसांवरही असाच एक साधा प्रयोग 1977 साली झाला. सफरचंद चावून खाण्याच्या तुलनेत तेवढ्याच सफरचंदाचा रस अकरापट वेगाने पोटात गेला, आणि रस पिणाऱ्यांचं समाधानही कमी झालं. मग 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू सगळं जुळवलेलं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि वेगानेही खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं, आणि साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. ते वाचल्यावर मला टर्कीचे आकडेच आठवले.

म्हणून घरी खाणं बदलायचं असेल तर 'यात किती कॅलरी' याच्या आधी 'हे संपवायला किती मिनिटं लागतात' हे बघा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी, अख्खं फळ या वस्तूंना वेळ लागतो. भाकरी चावावी लागते, घोटाघोटाने गिळता येत नाही. बिस्किट चहात बुडवलं की ते जवळजवळ पेयच होतं.

गाईच्या वागण्यातून आणखी एक गोष्ट दिसते. कडब्यावर आंबोण नुसतं पसरून टाकलं तर ती जिभेने मक्याचा भरडा वेचून घेते आणि कडबा बाजूला सारते. कागदावरचा आहार संतुलित, पण पोटात गेलेला नाही. त्यावर उपाय म्हणून सगळं कुट्टी करून एकत्र मिसळून देतात. माणूस ताटात हेच करतो. पंगतीच्या ताटात कोशिंबीर, भाजी, उसळ सगळं वाढलेलं असतं, आणि शेवटी पोटात जातात पुऱ्या आणि श्रीखंड. ताटात काय होतं त्यापेक्षा उठताना ताटात काय उरलं हे मी बघतो. गोठ्यावरही मी आधी उष्टी गव्हाणच बघायचो.

आता मोजमाप. गाईला रोज वजनकाट्यावर कोण चढवणार? म्हणून आम्ही हात वापरतो. बॉडी कंडिशन स्कोअर, बोलताना बीसीएस. कमरेची हाडं, शेपटीच्या मुळाशी असलेला खळगा, फासळ्या हाताने चाचपून 1 ते 5 मध्ये गुण देतो. व्यायच्या वेळी सव्वातीन-साडेतीनच्या आसपास गाय हवी. कुत्र्यांसाठी 1 ते 9 अशी पट्टी आहे आणि त्यात 4-5 उत्तम. तळहात छातीवरून फिरवला की फासळ्या न दाबता लागल्या पाहिजेत. वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे.

दवाखान्यात दहा मालकांपैकी सात-आठ जण लठ्ठ कुत्र्याला 'नॉर्मल' म्हणतात, आणि खऱ्या नॉर्मल कुत्र्याला 'बिचारा वाळलाय' म्हणतात. आजूबाजूला सगळीच लठ्ठ असली की डोळ्याचं मापच बदलतं. याची किंमत काय असते ते कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या प्युरिना कंपनीच्या एका दीर्घ अभ्यासातून कळतं. 48 लॅब्राडॉर पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिलं. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13 वर्षं. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना बरीच उशिरा आली. जास्त खाणारे कुत्रे अति लठ्ठही नव्हते. 9 च्या पट्टीवर त्यांची सरासरी 6.7 होती. आपल्या सोसायटीत फिरणारा कुठलाही 'गोंडस' लॅब्राडॉर साधारण तेवढा असतो. माझ्याकडे आलेल्या मालकांना मी हे आकडे कागदावर लिहून देतो, कारण कुत्र्याच्या आयुष्यातली पावणेदोन वर्षं ही फार मोठी गोष्ट आहे.

माणसाने हात कुठे ठेवायचा? पोटावर. भारतीयांच्या बाबतीत वजनाचा आकडा फसवतो, आणि हे पुण्यातल्याच कामातून जगाला कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. बाहेरून दोघेही सडपातळ. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटर आणि बाईची 80 सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, सकाळी, श्वास सोडून फीत लावा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. गोठ्यातही महिन्याला एकदा नोंद करणारा शेतकरी आणि 'गाय दिसतेय की चांगली' म्हणणारा शेतकरी यांच्या औषधाच्या बिलात फरक पडलेला मी वर्षानुवर्षं पाहिला आहे.

नोंद का, तर वेळ चुकू नये म्हणून. दुधाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत दूध उतरतं, पण खुराक तेवढाच राहतो, आणि गाय तिथे चरबी धरते. मग ती आटवली, भाकड काळ सुरू झाला, आणि मालकाच्या लक्षात येतं की गाय फार जाड झाली. तेव्हा तिला उपाशी ठेवून बारीक करायला गेलो तर ती व्यायच्या सुमारास आजारी पडते. अंगावरची चरबी भराभर वितळून यकृतात येते, गाय खाणं सोडते आणि कीटोसिस होतो, म्हणजे रक्तात कीटोन साठतात. लठ्ठ मांजर चार दिवस उपाशी राहिलं तर त्याचंही यकृत असंच चरबीने भरतं, त्यात मांजर दगावतं. म्हणून आम्ही भाकड काळात वजन उतरवत नाही. चरबी चढते त्या काळातच खुराक आवरतो. माणसातही झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना माहीत आहे.

माणसाच्या आयुष्यात 'दूध उतरलं पण खुराक तोच राहिला' असे टप्पे ओळखता येतात. कॉलेजात रोज कबड्डी खेळणारा मुलगा नोकरीला लागतो, खुर्चीत बसतो, पण ताट कबड्डीचंच राहतं. बाळंतपणानंतरचा डिंकाचा लाडू बाळ अंगावर पितंय तोवर आईला योग्य, पण बाळाचं दूध सुटल्यावर डबा मात्र चालू राहतो. गुडघ्याचं ऑपरेशन, बदली, निवृत्ती. कुत्र्या-मांजरांत नसबंदी हा असाच टप्पा. त्यानंतर ऊर्जेची गरज पाव-एक भागाने कमी होते आणि भूक मात्र वाढते, म्हणून टाके काढायला येतात त्याच दिवशी मी नवं माप लिहून देतो. सहा महिन्यांनी सांगून उपयोग नसतो.

प्रथिनांबद्दल. खाद्यातली ऊर्जा तेवढीच ठेवून प्रथिनं कमी केली की मांसल कोंबडीच्या पोटात चरबीचा गोळा वाढतो, हे कुक्कुटपालनात जुनं ज्ञान आहे. पक्षी लायसिनसारख्या अमिनो आम्लाची तूट भरून काढायला जास्त खातो आणि सोबत आलेली जादा ऊर्जा पोटात साठवतो. स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर या संशोधकांनी टोळांवर हेच बारकाईने मोजलं आणि 2005 मध्ये मांडलं की माणूसही प्रथिनांची गरज भागेपर्यंत खात राहतो. आता आपला दिवस बघा: सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाट्याची भाजी-भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री खिचडी. उपासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, जी काय ती दाण्याच्या कुटातली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीने प्रौढाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. वरच्या दिवसात ती भरायची तर धान्याचे ढीग खावे लागतात. पोह्यांसोबत वाटीभर मोडाची उसळ किंवा उकडलेली अंडी, जेवणात पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, ताक, मासे परवडतील तिथे मासे, एवढ्याने संध्याकाळची खा-खा कमी होते. मी स्वतःच्या घरी हेच पहिल्यांदा बदललं.

इथे इशारा द्यायलाच हवा, कारण जनावरांच्या आहारातून चुकीचा धडाही घेता येतो. मांसल कोंबड्यांच्या आईबापांना, ज्यांना आम्ही ब्रीडर म्हणतो, पोटभर खाऊ दिलं तर त्या लठ्ठ होतात, अंडी देत नाहीत, मरतात. म्हणून वाढीच्या काळात त्यांना हवं असतं त्याच्या चौथा-तिसरा हिस्साच खाद्य मिळतं, काही ठिकाणी दिवसाआड. त्या निरोगी राहतात, पण कायम भुकेल्या असतात. रिकाम्या भांड्यावर चोच आपटत राहतात, फेऱ्या मारतात. ज्याने ती शेड बघितली आहे तो 'फक्त कमी खा' हा सल्ला हलक्या मनाने देणार नाही. यावर उत्तर निघालं ते खाद्य पातळ करण्याचं. ओटच्या टरफलासारखे तंतू मिसळून तेवढीच ऊर्जा मोठ्या आकारमानात दिली की पक्षी शांत होतात. गाभण डुकरिणींनाही बीटाचा चोथा मिसळून दिला की गजांना चावत राहणं कमी होतं. म्हणजे ताट लहान करण्याआधी ताट हलकं करा. तेवढाच भरलेला ताटाचा घेर, पण त्यात भाजी, कोशिंबीर, उसळ जास्त आणि भात-पोळी कमी. भूक मारून कोणी वर्षानुवर्षं जगू शकत नाही, आणि कोणाला तसं जगायला सांगूही नये.

एकाच घरात एकजण खाऊन बारीक आणि दुसरा पाण्याने फुगतो म्हणतात, त्यालाही आमच्याकडे पुरावा आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने 1957 सालच्या जातीच्या कोंबड्या जपून ठेवल्या होत्या. त्यांना आणि 2005 सालच्या जातीला एकच खाद्य दिलं. 56 दिवसांनी जुन्या जातीचा पक्षी 905 ग्रॅमचा, नव्या जातीचा 4,202 ग्रॅमचा. फरक फक्त निवड-पैदाशीचा. 2016 मध्ये केंब्रिजच्या डॉ. एलेनॉर राफन यांनी दाखवलं की सुमारे 23 टक्के लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गायब असतो, त्यामुळे 'पोट भरलं' हा निरोप नीट जात नाही. असा कुत्रा हावरट नाही, त्याला खरोखर भूक लागलेली असते. याच जनुकातला बिघाड क्वचित माणसांतही सापडतो आणि त्या मुलांचं वजन लहानपणापासून वाढतं. तेव्हा घरातल्या जाड मुलाला भावाशी तुलना करून टोमणे मारू नका. त्याच्यासाठी घराची मांडणी जास्त काळजीने करावी लागेल, एवढंच.

मुलांचा विषय निघालाच आहे तर बाळशाबद्दल लिहितो. डुकरिणीच्या एका वेतात एखादं पिल्लू फार लहान जन्मतं. डुकरांत स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्मापर्यंत ठरून जाते, आणि या पिल्लाचे तंतू मुळात कमी. त्याला नंतर भरपूर खाऊ घातलं तर ते इतरांना गाठतं, पण अंगावर मांसाऐवजी चरबी जास्त येते. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून डॉ. याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी तितकीशी कमी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 50 पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवलेल्या उंदरांवरचं काम 2015 मध्ये छापून आलं. त्यांना पुढे दोन पिढ्या पुरेसं खाणं देऊनही इन्सुलिनची गडबड सुटली नाही. माझ्या मते लठ्ठपणा टाळण्याचं काम मुलगी वयात येते तेव्हाच सुरू होतं. तिला पुरेशी प्रथिनं, लोह, ब-12 मिळणं हे तिच्या होणाऱ्या बाळाच्या कमरेशी जोडलेलं आहे. आणि लहान जन्मलेल्या बाळाला वर्षभरात 'गुटगुटीत' करण्याची घाई करू नये. त्याची वाढ बालरोगतज्ज्ञाच्या तक्त्यावर बघावी, शेजारच्या बाळाशी ताडून नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या सॅल्क या संशोधन संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांना चरबीयुक्त खाद्य फक्त आठ तास उपलब्ध ठेवलं. तेवढंच खाद्य दिवसभर खाणाऱ्यांपेक्षा ते बारीक राहिले. पण 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूला 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर तपासलं तेव्हा कॅलरी कमी करण्याच्या वर वेळेच्या बंधनाचा वेगळा फायदा दिसला नाही. उंदराचा दिवस आणि माणसाचा दिवस सारखा नाही. तरीही रात्री नऊनंतर स्वयंपाकघराचा दिवा बंद करा असं मी सांगतो, कारण तेव्हा खाल्लं जातं ते भुकेपोटी नसतं.

चालण्याबद्दल अपेक्षा रास्त ठेवा. 500 किलोची दुभती गाय सपाटीवर एक किलोमीटर चालली तर तिची खर्च झालेली ऊर्जा जेमतेम दीडशे ग्रॅम आंबोणात भरून निघते. चालण्याने खूर, स्नायू, विणं सगळं सुधारतं, म्हणून मी मुक्त गोठ्याचा आग्रह धरतो. पण गव्हाण तशीच ठेवून चालण्याने चरबी उतरलेली गाय मी पाहिलेली नाही.

शेवटी गव्हाण भरणाऱ्याबद्दल, कारण माझ्या दवाखान्यात खरं काम तिथेच होतं. एक लॅब्राडॉर यायचा, 30 किलोचा हवा तो 42 किलोचा. घरचे शपथेवर सांगत, दोन वेळा मोजून देतो, बाकी काही नाही. मी घरातल्या चौघांना चार चिठ्ठ्या दिल्या आणि एकमेकांशी न बोलता लिहायला सांगितलं. आजोबा सकाळच्या चहासोबत चार मारी बिस्किटं देत. आजी दीड पोळी दुधात कुस्करून. मुलगा शाळेतून आल्यावर चीजचा तुकडा. आई रात्री दहीभात, 'उरलेला, टाकायचा कशाला' म्हणून. कोणीही खोटं बोलत नव्हतं, प्रत्येकाचं देणं थोडंच होतं. बेरीज केली तेव्हा त्याच्या ठरलेल्या खाद्याच्या जवळपास निम्मं वरून जात होतं. 10 किलोच्या कुत्र्याला एक पोळी म्हणजे स्वस्थ बसून राहिला तर लागणाऱ्या ऊर्जेचा पाव हिस्सा, 60 किलोच्या माणसाला जणू चार पोळ्या. बक्षिसाचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत, हा आमचा नियम. मी आजोबांचं बिस्किट बंद केलं नाही. सकाळी त्याच्या दिवसाच्या खाद्यातूनच मूठभर काढून आजोबांच्या डब्यात ठेवायला सांगितलं, ते त्यांनी हाताने भरवायचं. दहीभात गेला, चीज गेलं. अकरा महिन्यांत कुत्रा 33 वर आला.

हे मी सांगतो तेव्हा लोक स्वतःहूनच घरच्या माणसांबद्दल बोलायला लागतात. पोळ्याला बैलाला प्रेमाने पुरणपोळ्या चारतात आणि दुसऱ्या दिवशी तो बैल पोटात आम्ल वाढून, म्हणजे ऍसिडोसिसने, आडवा झाला म्हणून फोन येतो. चारणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं. आपल्याकडे आग्रह हेच प्रेम आहे, आणि ते बदलायची गरज मला वाटत नाही. आग्रह कशाचा करायचा ते बदलता येतं. प्रश्नकर्त्यांनी चिठ्ठ्यांचा प्रयोग घरात करावा: आठवडाभर प्रत्येकाने काय विकत आणलं आणि दुसऱ्याला काय दिलं तेवढंच लिहायचं. कोणी काय खाल्लं ते लिहायचं नाही, त्याने भांडणं होतात. आठवड्याने बसून बघा, कुठल्या तीन वस्तू घरात आल्याच नाहीत तर कोणाला चुटपुट लागणार नाही. त्या आणणं थांबवा. फरसाणाचा डबा काचेचा असेल तर स्टीलचा करा आणि वरच्या फळीवर ठेवा, फळं आणि भाजलेले चणे जेवणाच्या टेबलावर आणा.

माणूस म्हणजे गाय नव्हे, हे मला माहीत आहे. गाईची गव्हाण एकच माणूस भरतो, माणसाची गव्हाण ऑफिसचं कॅन्टीन, दुकान, जाहिरात, पगार आणि वेळ मिळून भरतात. दोन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईला 'उसळ मोड आणून करा' सांगणं सोपं आहे. तिला वडापाव मिनिटभरात आणि स्वस्तात मिळतो. म्हणून शाळेच्या दारात काय विकलं जातं आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काय शिजतं हेही गव्हाणीचेच प्रश्न आहेत, एकेका घराने ते सुटणार नाहीत.

आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, जे रक्तदाबाची औषधं घेतात, किंवा ज्यांच्या घरात गरोदर बाई आहे, त्यांनी जेवण कमी-जास्त करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. खाणं कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. ते माप ठरवणं माझ्या अधिकारात नाही.